झेंडा बदला, फौज तीच ठेवा : एकाच पक्षात अडकलेल्या मिनिएचर लष्करावर इलाज

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. दीड-दोन वर्षं खपून कोणीतरी टेबलावर लढाया खेळायला चिमुकल्या पुतळ्यांची, म्हणजे फिगरची, मराठ्यांची फौज रंगवून पुरी करतं. पंधरा मिलिमीटरचे स्वार, बंदूकवाले, चार तोफा, एक हत्ती. पानिपत खेळून होतं, उदगीर खेळून होतं. मग कोणीतरी म्हणतं, आता खर्डा, म्हणजे मराठे विरुद्ध निजाम, लावू या. सगळे एकमेकांकडे बघतात, कारण निजाम कोणाकडेच नाही. पुन्हा नवी ऑर्डर, पुन्हा कस्टमचे पैसे, पुन्हा शंभर घोडे रंगवायचे. निजाम तयार होईपर्यंत गटातल्या एकाची बदली झालेली असते. त्यानंतर टिपू, त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनी. दर वेळी अडचण तीच.

माझ्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी नवीन फिगर मागवायच्या ऐवजी घरात होत्या तेवढ्या सगळ्या काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि एकेक बेस (फिगर ज्यावर चिकटवतात ती छोटी पट्टी) हातात घेऊन एकच प्रश्न विचारला: हा माणूस निजामाकडे का चालणार नाही? बासष्ट बेसपैकी एकेचाळीस बेसच्या बाबतीत माणूस अगदी व्यवस्थित चालत होता. चालत नव्हता तो त्याच्या हातात कायमचा चिकटवलेला झेंडा, किंवा सगळ्यांच्या डोक्यावर मी एकसारखा थापलेला भगवा रंग, किंवा बेसच्या कडेवर हौसेने लिहिलेलं पथकाचं नाव. म्हणजे दुखणं फिगरमध्ये नव्हतंच.

अठराव्या शतकातल्या दख्खनच्या फौजा मी उदाहरणाला घेतोय, कारण हे दुखणं तिथे सगळ्यात जास्त त्रास देतं आणि इलाजही तिथेच सगळ्यात चांगला लागू पडतो. या काळात कोण कोणाच्या बाजूला आहे हे दर काही वर्षांनी बदलतं. १७७९ च्या जानेवारीत वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला कोंडलं. १७८० मध्ये मराठे, निजाम आणि हैदर कंपनीविरुद्ध एकत्र आले. १७९० मध्ये मराठे, निजाम आणि कंपनी हे तिघे मिळून टिपूवर चालून गेले. धारवाडच्या वेढ्यात परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला कंपनीची तुकडी सोबत होती. १७९५ मध्ये तेच परशुरामभाऊ खर्ड्याला निजामासमोर उभे. आणि १८०३ मध्ये शिंदे-भोसले विरुद्ध कंपनी. पंचवीस वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक जण प्रत्येकाशी लढून झालाय आणि जवळपास प्रत्येकाच्या शेजारी उभाही राहिलाय.

माणसंही इकडून तिकडे जात होती. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन शाहू महाराजांना सोडून निजामाकडे गेला. निंबाळकरांच्या एका शाखेला निजामाकडून ‘रावरंभा’ हा किताब होता. त्यांचे स्वार निजामाच्या फौजेत होते आणि ते मराठेच होते. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत, मग १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला मराठ्यांच्या बाजूने निजामावरच तोफा डागतोय, आणि पुढच्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांसाठी लढून पकडला आणि मारला गेला. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण असईचं. २३ सप्टेंबर १८०३ ला समोर शिंदे-भोसल्यांची फौज, आणि कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या बाजूलाही पेशव्यांचे मराठा स्वार आणि म्हैसूरचे स्वार हजर. त्याने त्यांना मुख्य लढाईत न घालता बाजूला लक्ष ठेवायला ठेवलं, पण होते. एकाच लढाईत, टेबलाच्या दोन्ही बाजूंना, मराठा स्वारांचे बेस लागतात.

तेव्हा फिगर रंगवताना त्या माणसाला त्या माणसासारखंच रंगवायचं. तो कोणाचा, हे झेंड्याने आणि सरदाराने सांगायचं.

आधी तीन ढीग

सगळे बेस मांडा आणि तीन ढीग करा. पहिला, कुठेही चालणारे: साधे स्वार, तोड्याची (पेटत्या वातीची) बंदूक घेतलेले पायदळ, बाणवाले, ओझ्याचे बैल, उंट, तंबू. दुसरा, एखादी वस्तू बदलली की चालणारे. तिसरा, खरोखरच एकाच पक्षाचे: टिपूच्या वाघपट्ट्यांचे शिपाई, कंपनीचे लाल कोटवाले, असईतल्या चौऱ्याहत्तराव्या आणि अठ्ठ्याहत्तराव्या पलटणींचे हायलँडर.

तिसऱ्या ढिगावर वेळ घालवू नका. नवशिके इथेच फसतात. टिपूच्या शिपायावरचे वाघाचे पट्टे पुसून त्याला गारदी (कवायती बंदूकवाला) करायला जातात आणि दोन्ही हातचे जातात. हे बेस मोजकेच ठेवायचे. माझ्याकडे टिपूच्या पायदळाचे सहा आणि कंपनीचे आठ आहेत, तेवढे मध्यम आकाराच्या लढाईला पुरतात, कारण त्यांच्या भोवतीचे सगळे स्वार पहिल्या ढिगातून येतात. खरी मेहनत दुसऱ्या ढिगावर.

झेंडा

सुटा झेंडा म्हणजे काय, तर काठी हातात कायम आणि कापड काढता-घालता येणारं. काठीला ०.८ मि.मी.ची पोलादी तार घ्या. फिगरसोबत आलेली शिशाची काठी वाकते, ती कापून टाका, मुठीत हातड्रिलने भोक पाडा, तार फेव्हिक्विकने बसवा.

आता नळी. उरलेल्या तारेच्या तुकड्यावर मेणबत्ती चांगली घासा. पतंगाच्या कागदाची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कापा, तिला पातळ फेव्हिकॉल लावा आणि मेण लावलेल्या तारेभोवती तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा. रात्रभर वाळू द्या. सकाळी नळी दोन बोटांत धरून हलकी पिळली की मेणामुळे ती तारेवरून सरकते. मेण न लावता केलं तर ती तारेलाच चिकटते आणि उपटताना फाटते. पहिल्या खेपेला माझ्या सहा नळ्या अशाच गेल्या. नळी निघाली की तिच्याभोवती छापलेला किंवा रंगवलेला झेंडा दुमडून चिकटवायचा. फेव्हिकॉल ओला असतानाच कापडाला लाट द्यायची, ब्रशच्या दांड्यावर वळवून. कडेला कागदाचा पांढरा रंग दिसतो, तिथे झेंड्याच्याच रंगाचा हात फिरवायचा. एवढं केलं नाही तर चांगला झेंडाही कागदाचा दिसतो.

भाल्याचं टोक किंवा कळस तारेवर बसवू नका, नळीवर बसवा. तारेवर बसवलं तर नळी वरून जाणार कशी?

झेंडा खेळताना गरागरा फिरतो ही दुसरी तक्रार. तारेला चिमूटभर मेण लावून नळी सरकवा, थांबतो. उन्हाळ्यात मेण मऊ पडून झेंडा खाली घसरायला लागला, तर काठीच्या बुडाशी, मुठीच्या जरा वर, एम-सीलचा मोहरीएवढा गोळा लावा. नळी त्यावर टेकते.

कुठले झेंडे करायचे? भगव्याचे जास्त, पण सगळे एका मापाचे आणि एका छटेचे नकोत. काही नवे, काही उन्हाने विटलेले. जरीपटका एक किंवा दोन. तो राज्याचा मानाचा झेंडा, प्रत्येक पथकाच्या हातात दिला तर त्याचा मान राहत नाही आणि टेबलावर सेनापती कुठे आहे तेही कळत नाही. निजामासाठी पिवळ्यावर कुलच्याची (रोटीची) गोल चकती, लांबूनही ओळखू येते. टिपूसाठी सूर्य आणि वाघपट्टे. युनियन जॅक मात्र दोन प्रकारचे करा. आयर्लंडचा तिरका लाल क्रॉस त्यात १८०१ मध्ये आला. धारवाड आणि श्रीरंगपट्टणला तो नसलेला झेंडा हवा, असईला आणि अडगावला असलेला. हा फरक बघणारा माणूस प्रत्येक गटात एक तरी असतोच, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

रंग

झेंडा सुटा केला तरी फौज मराठ्यांचीच वाटते, असं झालं तर दोष रंगाचा. जवळपास प्रत्येकाची पहिली फौज अशी असते: सगळ्यांची पगोटी भगवी, सगळ्यांचे अंगरखे पांढरे, सगळ्यांच्या कपाळी गंध. तसं रंगवण्यामागचं प्रेम कळतं, पण फौज तशी नव्हती.

शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा, म्हणजे कपडेही त्याच्या घरचेच. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळायचं. हा भेद रंगवताना फार कामाला येतो. शिलेदारांच्या बेसवर तीन घोडे तीन रंगांचे, खोगिरं वेगवेगळी, एखाद्याची पागोट्याची झालर चांगली तर दुसऱ्याची साधी. बारगिरांच्या बेसवर घोडे एकमेकांच्या जवळच्या रंगांचे आणि सामान एकसारखं. आता हा शिलेदारांचा बेस मराठ्यांकडे ठेवा, रावरंभा निंबाळकरांच्या पथकात ठेवा, की असईला वेलस्लीच्या बाजूला ठेवा, कुठेही खटकत नाही.

कापडाचे रंग त्या काळी मिळत होते तेच घ्या: न रंगवलेल्या सुताचा मळकट पांढरा, नीळ, मंजिष्ठेचा तांबडा, कुसुंबी, हळदीचा पिवळा. माझं प्रमाण साधारण असं आहे की दर दहा माणसांत पाच-सहा मळकट पांढरे, बाकीच्यांत हे रंग वाटलेले, आणि भगवं पगोटं फार तर एका-दोघांचं. शुद्ध पांढरा रंग वापरूच नका. मी आधी फिकट बदामी देतो, त्यावर सुती पांढरा, आणि घड्यांत अगदी पातळ तपकिरी उतरवतो. दख्खनच्या धुळीतून दहा कोस चाललेल्या माणसाचे कपडे असेच दिसतात.

गंध, चंद्रकोर, ताईत असली धर्माची खूण साध्या शिपायांवर कमीत कमी ठेवा. मराठ्यांच्या फौजेत मुसलमान होते, निजामाच्या फौजेत हिंदू होते, दोन्हीकडे भरपूर. दहांत एकाच्या कपाळावर गंध असू द्या, तेवढं पुरतं.

पगोट्याच्या आकाराकडे मात्र लक्ष हवं. हे काळाचं कुलूप आहे, पक्षाचं नाही, आणि ते कसल्याही रंगाने उघडत नाही. पेशवाईतली बांधीव चक्री पगडी घातलेला स्वार शिवकाळात नेऊ नका. सैलसर गुंडाळलेलं पागोटं घातलेला स्वार त्या मानाने पुष्कळ मागे-पुढे फिरतो. नवीन फिगर घेताना मी आता आधी डोकं बघतो, मग घोडा. चिलखत आणि शिरस्त्राण घातलेले स्वार मी थोडेच ठेवतो. निजामाच्या मानकऱ्यांना ते शोभतात, पानिपतावर अब्दालीकडेही चालतात.

पायदळ

पायदळाला सोपा इलाज नाही, हे मोकळेपणाने सांगतो. तोड्याची बंदूक घेतलेला, कमरेला शेला बांधलेला माणूस कोणाकडेही चालतो, त्याचा प्रश्न नाही. प्रश्न कवायती पायदळाचा. गारदी, शिंद्यांच्या चाकरीतल्या डी बॉइन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या आणि पुढे फ्रेंच पेराँच्या हाताखाली आलेल्या पलटणी, निजामाकडच्या फ्रेंच रेमाँच्या पलटणी, कंपनीचे शिपाई. यातल्या शेवटच्या तिघांची धाटणी एकमेकांजवळ जाते, कारण सगळे युरोपीय कवायतीच्या वळणाने उभे केले होते.

मी काय केलं ते सांगतो. कवायती पायदळाचे बेस दोन संचांत केले. पहिला संच १७५० ते १७६५ चा: देशी कपडे, चकमकीची बंदूक, रांगेत उभे. हा संच बुसी या फ्रेंच सेनानीच्या काळात निजामाकडे, पानिपतावर इब्राहिमखानाकडे. दुसरा १७९० ते १८०३ चा: आखूड कोट, पट्टे, डोक्याला घट्ट बांधलेलं कापड. हा शिंद्यांकडे किंवा रेमाँकडे. खर्ड्याला हे दोघे समोरासमोर होते, त्यामुळे दुसरा संच अर्धा-अर्धा वाटून दोन्ही बाजूंना ठेवता येतो, फक्त झेंडा आणि युरोपीय अधिकाऱ्याची फिगर बदलते. रेमाँ १७९८ च्या मार्चमध्ये वारला आणि त्याच वर्षी त्याच्या पलटणी मोडल्या, तेव्हा १८०३ मध्ये त्या काढू नका.

डोकी बदलता यावीत म्हणून मानेत चुंबक बसवायचा सल्ला बरेच जण देतात. अठ्ठावीस मि.मी.च्या सरदाराला तो ठीक आहे. पंधरा मि.मी.च्या शिपायाच्या मानेत दोन मि.मी.चा चुंबक बसवणं म्हणजे मान तोडून ठेवणं. तो नाद सोडा.

सरदार आणि तोफा

ही चूक हमखास सगळ्यांची होते: सेनापती आणि त्याचे हुजरे, निशाणबारदार, नौबतवाला, सगळे एकाच बेसवर, खाली हिरवळ, शेजारी झाड. दिसायला सुंदर, पण तो बेस जन्मभर एकाच माणसाचा. सरदार एकटा त्याच्या छोट्या गोल बेसवर ठेवा, आणि हुजऱ्यांच्या बेसवर त्याच मापाचा खड्डा सोडा. खाली पाच मि.मी.चा चुंबक, सरदाराच्या बुडाशी दुसरा. आज सदाशिवरावभाऊ, उद्या निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क, परवा हैदर, हुजरे तेच.

तोफेचंही तसंच. तोफ वेगळी, गोलंदाज वेगळे. यात सोयीपेक्षाही मोठं कारण आहे. असईला कंपनीची रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठे गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा पाठीमागून चालवल्या. गोलंदाज तोफेला चिकटवलेले असतील तर हा प्रसंग टेबलावर खेळताच येत नाही. तोफेवर कुठलाही पक्षाचा रंग देऊ नका. पितळ पितळेसारखं, लाकूड उन्हात फाटलेलं, आणि ओढायला बैल. बैल सगळ्यांकडेच होते.

चुंबक बसवण्याआधी दिशा बघा. सगळ्या चुंबकांच्या एकाच ध्रुवाला मार्करने ठिपका द्या आणि सगळ्या संग्रहात ठिपका वर असा एकच नियम ठेवा. एक उलटा बसला की तो सरदार कुठल्याच हुजऱ्यांजवळ उभा राहणार नाही. फेव्हिक्विकने बसवलेला चुंबक वर्षभरात निखळतो अशीही तक्रार असते. चुंबकाचा गुळगुळीत थर खरखरीत कागदावर दोनदा घासा आणि एम-सीलमध्ये बसवा, नंतर निघत नाही.

बेस

इथे तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं, मापाचं. एका नियमावलीत चाळीस मि.मी. रुंदीचा बेस, दुसरीत साठचा, तिसरीत सुटी फिगर. डीबीएसारख्या जुन्या नियमांत पंधरा मि.मी.ला चाळीसची रुंदी आणि बारा बेसची फौज असते, म्हणून मी चाळीस बाय तीस धरून बसलो आणि पस्तावलो नाही. मोठं पथक लागलं की चार बेस एका ट्रेवर. ट्रेला पातळ पोलादी पत्रा चिकटवा, बेसखाली चुंबकी रबर. पत्रा बिस्किटाच्या जुन्या डब्याचा चालतो, पण आधी फ्रिजवरचा चुंबक लावून बघा; अॅल्युमिनियम निघाला तर सगळी मेहनत फुकट.

दुसरं, जमिनीच्या रंगाचं. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून हिरवळ उगवायची सवय लहानपणापासूनची, त्यामुळे हात आपोआप हिरव्याकडे जातो. पण पानिपत जानेवारीतलं, उदगीर फेब्रुवारीतलं, खर्डा मार्चमधला, अडगाव नोव्हेंबरअखेरचा. गवत वाळलेलं हवं. राक्षसभुवन ऑगस्टमधलं आणि असई सप्टेंबरमधलं, तिथे हिरवं लागतं, पण ते टेबलावरच्या चटईवर आणि झुडपांवर द्या, बेसवर नाही. माझे सगळे बेस काळसर तपकिरी मातीचे आहेत, वर पिवळट कुसळं. बेसची कड काळी, तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. नाव लिहायचंच तर खाली, आणि तेही ‘स्वार १४’ असं. ‘निजाम’ नाही, ‘पेशवे’ नाही. कुठला बेस कुठल्या लढाईत कोणाकडे, हे वहीत.

तिसरं, बुरशीचं. शेतातली किंवा कुंडीतली माती चाळून बेसवर वापरणं फार छान दिसतं, पण पहिल्याच जुलैत तिच्यावर पांढरी लव येते. माती आधी लोखंडी तव्यावर मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा, वास जाईपर्यंत, मग गार करून चाळा. दरवाजे उघडे ठेवा, वास चांगलाच येतो. तीच गोष्ट एमडीएफच्या बेसची: वरून ओला फेव्हिकॉल लावला की दोन मि.मी.चा बेस केळ्यासारखा वाकतो. खालूनही पातळ फेव्हिकॉलचा हात द्या आणि पुस्तकांखाली दाबून वाळवा.

पावसाळ्यातलं धुकं

झेंडे सुटे झाले, सरदार सुटे झाले, म्हणजे फिगरला आता जास्त हात लागणार. त्यामुळे वार्निश पक्कं हवंच. आणि इथे महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव येतो: मॅट वार्निशचा स्प्रे मारला, दहा मिनिटांनी बघितलं तर सगळी फौज पांढरट धुक्यात. निळे अंगरखे राखाडी, काळे घोडे करडे. हवेतल्या ओलाव्याने होतं हे. जून ते सप्टेंबर स्प्रे हातात घेऊ नका, ब्रशने लावायचं वार्निश वापरा. जुन्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या, मीही स्प्रे दसऱ्यानंतरच काढतो, आणि तोही दुपारी, कोरड्या हवेत.

धुकं आलंच तर फिगर परत रंगवायला घेऊ नका. ब्रशने चकचकीत वार्निशचा एक पातळ हात द्या. धुकं बहुतेक सगळं नाहीसं होतं, खालचे रंग परत वर येतात. दोन दिवस वाळू द्या, मग कोरड्या दिवशी मॅटचा हलका हात.

आधीच चिकटवलेले झेंडे

हे सगळं नवीन फौजेला ठीक, पण ज्यांचे तीस-चाळीस झेंडे फेव्हिक्विकने कायमचे बसलेत त्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. गोंद सुटतो, पण रंगही सुटतो, आणि फिगर प्लॅस्टिकची असेल तर तीच विरघळायला लागते.

बेस प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून पिशवी बंद करा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने फेव्हिक्विक ठिसूळ होतो. सकाळी एक-एक बेस बाहेर काढायचा, सगळे एकदम नाही, कारण दोन-तीन मिनिटांत त्यावर दव धरायला लागतं. काठी चिमट्यात धरायची, मुठीच्या अगदी जवळ, आणि हलकेच पिळायची. बारीक ‘टक’ असा आवाज येतो आणि काठी हातात येते. नाही आली तर जोर लावू नका, परत फ्रीजरमध्ये. माझ्या एकेचाळीसपैकी सदतीस पहिल्या रात्रीतच सुटले. दोन दुसऱ्या रात्री. राहिलेले दोन जरीपटके होते, शिशाची काठी मुठीत ओतीवच होती, ते मी तसेच हुजुरातीत, म्हणजे सेनापतीच्या खास पथकात, ठेवले. सुटलेल्या मुठीत गोंदाचा खडा राहतो, तो ०.८ मि.मी.च्याच ड्रिलने काढा, म्हणजे नवी तार सरळ उभी राहते.

पुढच्या रविवारी याच स्वारांपैकी चोवीस बेस खर्ड्याला पिवळ्या झेंड्याखाली उभे राहिले.